तलावाचे तेवीस वाटे

तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्या संपल्या की जागतिकीकरणाचं प्रकरण येतं. मुलं वहीत फायदे आणि तोटे असे दोन रकाने पाडतात, तोट्यांच्या रकान्यात चार ओळी लिहितात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. प्रकरणाच्या शेवटी पर्यायांवर एक परिच्छेद आहे. सहकार, विकेंद्रीकरण, साधनांवर स्थानिकांचा हक्क, असं सगळं सहा ओळींत कोंबलेलं. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून तो कोणी वाचत नाही. मी मात्र तिथं पुस्तक मिटायची आणि आमच्या गावच्या तलावाची गोष्ट सांगायची. चौदा-पंधरा वर्षं सांगितली. गेल्या वर्षी नाही सांगितली. यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माह्या ताईले तुमी तलावाची गोष्ट सांगितली होती म्हणे. आमाले नाही सांगत?" मी म्हटलं, पोर्शन मागं आहे. पोर्शन मागं नव्हता.

गोष्ट सांगायला तोंड राहिलं नाही, हे खरं कारण. ते वर्गात सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

माझं माहेर सिहोऱ्याहून बपेऱ्याकडं जाताना रस्ता सोडून आत आहे. मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव, त्याच्या पाळीखाली, मातीच्या बंधाऱ्याखाली, धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, आणि पाळीच्या एका अंगाला आमची तेवीस घरं. आम्ही ढिवर. बांध्या इतरांच्या, पाणी त्यांच्या धानाला, मासळी आमची, हे कोणी कागदावर लिहायच्या आधीपासून चालत आलेलं. पुढं सोसायटी झाली, तलावाचा ठेका सोसायटीच्या नावानं होऊ लागला, पण काम जुन्याच रीतीनं चालायचं. सगळ्यांनी मिळून माशांचं बीज सोडायचं, सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, आणि निघालेली मासळी पाळीवर पळसाच्या पानांवर ठेवून तिचे तेवीस वाटे लावायचे.

वाटे लावणाऱ्याचा हात कितीही सरळ असला तरी तेवीस वाटे सारखे होत नाहीत. एकात मोठी मरळ येते, दुसऱ्यात नुसते बारीक दाडक. त्यासाठी एक माणूस वाट्यांकडं पाठ करून उभा राहायचा. दुसरा एक जण काठीचं टोक कुठल्यातरी वाट्याला लावून विचारायचा, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस एका घराचं नाव घ्यायचा. मग काठी उडी मारून भलत्याच वाट्यावर. "आन् हा?" असं तेवीस वेळा. दोन गोष्टी कसोशीनं पाळायच्या. ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घराचं नाव सगळ्यांत आधी घ्यायचं, म्हणजे त्या बाईला ताटकळत उभं राहावं लागू नये. आणि पाठमोऱ्यानं स्वतःचं नाव शेवटी घ्यायचं, उरेल तो वाटा उचलायचा. आजारी माणसाचा वाटा घरपोच जायचा, गावाला गेलेल्याचाही निघायचा. आणखी एक होतं, ते कोणी शिकवत नसे, ते आपोआप अंगवळणी पडे. वाट्याला नावं ठेवायची नाहीत. लहान आला तर गप उचलायचा आणि घरी जायचं.

हा पाठमोरा माणूस म्हणजे माझे बाबा. त्यांच्या आधी त्यांचे मोठे भाऊ होते. ते वारले तेव्हा लोकांनी बाबांना उभं केलं. मी तेव्हा पाळण्यात होते म्हणे. बाबा बोलायला अगदी कमी. जाळं सांधताना तोंडात दोरा धरून बसायचे, त्यामुळं लहानपणी मला वाटायचं, त्यांना मुळात फारसं बोलताच येत नाही. पण पाळीवर उभे राहिले की आवाज असा खणखणीत निघायचा, की खालच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायाही कंबर सरळ करून म्हणायच्या, ढिवरांचे वाटे सुरू झाले.

हे सगळं मला विचार म्हणून दिसायला लागलं ते मामांमुळं. माझे मामा जवाहरनगरला क्वार्टरात राहायचे. कारखान्यात कामगार आणि युनियनचे पक्के. मी बीएला भंडाऱ्याला असताना त्यांच्याकडं राहिले. त्यांच्या लोखंडी कपाटात पुस्तकं होती, आणि दर रविवारी चार-पाच जण चहाच्या निमित्तानं जमून जगाची मांडणी बदलायचे. जगात मोजक्या लोकांच्या हातात सगळं कसं जातं, ते परत कसं घ्यायचं, कोणाचं कुठं चुकलं, यावर बश्या वाजेपर्यंत वाद व्हायचे. एकदा मी सहज वाट्यांचं सांगितलं. मामांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पोरी, आमी इथं बसून जे शोधून राहिलो, ते तुह्या बापाच्या पाठीमागं रोज होते."

त्या एका वाक्याच्या अभिमानावर मी पुढची वीस वर्षं काढली. वर्गात सांगितलं, शिबिरांत सांगितलं, एका परिसंवादात नागपूरच्या प्राध्यापकांसमोर सांगून टाळ्या घेतल्या. टाळ्या फार वाईट. माणसाला वाटायला लागतं की आपल्याला कळलं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक कंपनी आमचा तलाव बघायला आली. कंपनी म्हणजे एक तरुण माणूस, एक पांढरी गाडी आणि हातात टॅबलेट. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा, मायच्या हातचा काळा चहा त्यानं मागून दोनदा घेतला. त्याचं म्हणणं असं की तलावात मोठे झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, वाढवायचे, हाताच्या पंजाएवढे. बीज कंपनीचं, दाणा कंपनीचा, बर्फाची गाडी कंपनीची, आणि सगळा माल पाळीवरूनच उचलून बाहेरदेशी. आम्ही फक्त राखायचं. एकच अट होती. कंपनी सोसायटीशी नाही, घराघराशी करार करणार. तलावात बांबू रोवून नायलॉनच्या जाळीनं तेवीस भाग पाडायचे, एका घराला एक.

"आपला भाग असला की माणूस मन लावून राखतो," तो म्हणाला. "सगळ्यांचं म्हटलं की कोणी लक्ष देत नाही ना, काका?"

"आमी तं देतो," बाबा म्हणाले.

तो हसला. आम्हीही हसलो.

लोकांना ते पटलं, आणि त्यांना नावं ठेवायला मी कोण? अर्ध्याअधिक घरांतली तरणी माणसं राइस मिलला नाहीतर नागपूरच्या बांधकामांवर जात होती. सिहोऱ्याच्या बाजारात आंध्रातली बर्फातली मासळी आमच्या ताज्या मासळीपेक्षा स्वस्त मिळायला लागली होती. माय डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायची, तर ओळखीच्या बायाही दारातून सांगायच्या, काल बाजारातून आणली वो. संध्याकाळी तीच टोपली अर्धी भरलेली परत यायची. जगाचा बाजार कंपनीच्या आधीच आमच्या गावात आला होता, थर्माकोलच्या डब्यात बसून. कंपनीनं फक्त आम्हालाही त्या डब्यात जागा देऊ केली.

सोसायटीची सभा ठरली तेव्हा मी रजा काढून गेले. टिपणं तयार होती. उभी राहिले आणि बोलले. भांडवल कसं येतं आणि पाठ फिरवून कसं जातं, दूरच्या बाजारावर पोट टांगून ठेवण्यात काय धोका आहे, सगळं. लोकांनी कौतुकानं ऐकलं. आपली पोर शिकली म्हणून ऐकलं. मग आमच्या शेजारच्या काकी बोलल्या. काका गेल्यावर एकटीनं दोन मुली वाढवलेली ही बाई, वाट्याच्या वेळी पहिलं नाव तिच्याच घराचं निघायचं. ती म्हणाली, "बाई, तू बोलते ते खरंच असन. पन तुले पगार हाये."

यावर माझ्याकडं टिपण नव्हतं.

मग कुठला भाग कोणाला, यावरून गोंधळ सुरू झाला. कंपनीच्या माणसानं सुचवलं, ज्या घरात राखायला जास्त माणसं आहेत त्यांनी आधी निवडावं. दोन-तीन मोठी घरं लगेच हो म्हणाली. माझं डोकंच फिरलं. उठून ओरडलेच मी. म्हटलं, या पाळीवर आजपर्यंत कोणी आधी निवडलेलं नाही. तलावाचे भाग होतील तर आपल्या रीतीनं होतील. बाबा पाठ करून उभे राहतील. सभेत टाळ्या पडल्या. टाळ्यांबद्दल मी वर सांगितलंच आहे.

बाबा कोपऱ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तू शिकलेली हायेस," ते म्हणाले. "मासळीचे वाटे मले समजते. तलावाचे वाटे लावू मी?"

असं त्यांनी मला उभ्या आयुष्यात काही विचारलं नव्हतं. त्यांच्या आवाजात हो-नाहीचा खरा प्रश्न होता, आणि मी तो ऐकला नाही. मी म्हटलं, "लावा बाबा. रीत आपलीच राहील."

हेच ते वाक्य. ते मला परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर फ्लेक्सवर छापलेला तलावाचा नकाशा अंथरला. आकाशातून काढलेला. निळा चकचकीत तलाव, त्यावर पांढऱ्या रेघांचे तेवीस चौकोन, सगळे एका मापाचे, प्रत्येकात एक आकडा. नकाशात पाण्याला तळ नसतो. आमच्या प्रत्येक माणसाला तो तळ तळपायानं ठाऊक होता. कुठं गाळ, कुठं गुडघाभर, कुठं तुडुमाजवळ दोन पुरुष पाणी. तुडुम म्हणजे पाळीतून बांध्यांना पाणी सोडायचं दार. तलाव सगळ्यांत खोल तिथंच. पण बोलायचं कोणी? हा भाग उथळ आहे असं म्हणायचं, म्हणजे मला नको, दुसऱ्याच्या गळ्यात घाला असं म्हणायचं. आमच्यात एवढं हलकं कोणी बोलत नाही. शिवाय भर श्रावण, पाणी काठोकाठ. वरून सगळे भाग सारखेच दिसत होते.

बाबा पाठ करून उभे राहिले. नेहमी काठी धरणारे म्हातारबा तापानं पडले होते, म्हणून कंपनीच्या माणसानंच पेन हातात घेतलं. त्यानं पेन पहिल्या चौकोनावर टेकवलं आणि शुद्ध भाषेत विचारलं, "एक नंबर कोणाचा?" लोक हसले. बाबांनी काकींच्या घराचं नाव घेतलं. "दोन नंबर?" "तीन नंबर?" मी मोबाईलवर फोटो काढत होते. तेविसावा आपोआप बाबांचा झाला.

घरी येऊन मी मामांना फोन केला. रिटायर झाल्यावर ते भंडाऱ्याला राहायला गेले होते आणि बरेच थकले होते. मी सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वाटे कायचे लावले? मासळीचे का तलावाचे?"

"तलावाचे. पण एकदम समान."

 मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला राग आला. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याचं यश बघवत नाही, असंही मनात येऊन गेलं. आज त्याची लाज वाटते.

जाळ्या लागल्या. मोहाची ढेप टाकून तलावातली जुनी मासळी मारली, कारण मरळ झिंग्यांची पिल्लं खाते. मेलेल्या मरळी पांढरं पोट वर करून काठाला लागल्या आणि मायनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. तिला कोणी मना केलं नव्हतं, तिचीच इच्छा झाली नाही. त्या हंगामात आमच्या घरी मासळी बाजारातून यायची, बर्फातली. तलावाला रोज दोन वेळा दाणा घालणाऱ्या मायनं त्यातला एकही झिंगा चाखला नाही, कारण झिंगे कंपनीचे.

दिवाळीनंतर मी वर्गात नेहमीची गोष्ट सांगितली, नव्या शेवटासह. कंपनीलाही आम्ही आमच्या रीतीत कसं बसवलं, असा तो शेवट होता. मोबाईलवरचा फोटो मुलांत फिरवला. बपेऱ्याहून येणाऱ्या एका मुलीनं तो मोठा करून बराच वेळ बघितला. म्हणाली, "मॅडम, काठी तं कुठूनही कुठंही जाते म्हनून सांगितलं तुमी. हे तं एकापासून लाइनीनं जाऊन राहिले."

"मग?"

"मंग तुमचा तुडुम कोनत्या बाजूले हाये?"

मी मोबाईल तिच्या हातातून घेतला. एक नंबर म्हणजे पश्चिमेचा काठ, जिथं लहानपणी आम्ही फ्रॉक वर धरून चालायचो. तिथून आकडे सरळ खोल पाण्याकडं गेलेले. तेवीस नंबर तुडुमावर. पहिलं नाव विधवेचं, शेवटचं पाठमोऱ्याचं. आमच्या रीतीत माणुसकीचे म्हणून जे दोन नियम होते, नेमके त्यांनीच काकींना चिखलात उभं केलं होतं आणि बाबांना खोल पाण्यात. तास संपायला पंचवीस मिनिटं बाकी होती. मी मुलांना प्रकरणाखालचे प्रश्न सोडवायला सांगितले.

रविवारी गावी गेले. बाबा अंगणात जुनं जाळं सांधत बसले होते. आता त्या जाळ्याचं काही काम नव्हतं, तरी सांधत होते. मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं का?"

त्यांनी तोंडातला दोरा काढला. "तो आकडे बोलून राहिला होता ना. विसाव्यावर समजलं मले. आता तीन राह्यले, आन् तेवीस कुठं हाये ते."

"मग थांबवलं काहून नाही?"

"कसा थांबवू? मागं फिरून पाह्यलं असतं तं रीत मोडली असती." मग म्हणाले, "आन् तुले विचारलं होतं ना मी. लावू का म्हनून."

वाटे लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते काकींकडं गेले होते, माझा भाग घ्या म्हणून. काकी म्हणाल्या, वाटा बदलायचा नसतो, भाऊजी. कंपनीचा माणूस म्हणाला, नावं सिस्टीममध्ये चढलीत, काका. दोघांचंही उत्तर एकच निघालं.

पानावरच्या वाट्यांत अन्याय होत नसे असं नाही. होत असणारच. पण आज लहान वाटा उचलणाऱ्याला परवा मोठा यायचा. मासळीचा वाटा दर खेपेला नव्यानं लागतो. तलावाचा वाटा एकदाच लागला. भांडणं झाली ती भाग कसे करायचे यावर. भाग करायचे का, हे विचारायला त्या सभेत एक माणूस तयार होता, कोपऱ्यात बसलेला, आणि त्याला मी गप्प केलं. माझ्या पुस्तकांत हे कुठंतरी लिहिलेलं असणार. मी ते पेन्सिलीनं अधोरेखितही केलं असेल.

झिंगे होळीच्या आधी काढायचे ठरले होते. माघात ते तयार झाले. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, थोडं थांबा, बाहेर भाव उतरलाय. फाल्गुन सरला. थोडं थांबा, तिकडच्या देशानं कर वाढवलाय, माल बंदरात अडकलाय. आमच्या तेवीस घरांतल्या कोणी बंदर बघितलेलं नाही. इकडं खाली उन्हाळी धान लागलं होतं, शेतकऱ्यांना पाणी पाहिजे होतं, त्यांनी तुडुम उघडला. त्यांचं काही चुकलं नाही. पाणी दरवर्षीसारखं मागं सरकायला लागलं. पूर्वी पाणी सरकलं की मासळीही त्याच्यामागं सरकायची, खोल भागात गोळा व्हायची आणि सगळ्यांचीच राहायची. आता मध्ये जाळ्या होत्या. झिंगे जाळीपर्यंत यायचे आणि तिथंच थांबायचे.

चैत्रात एक नंबरमध्ये चिखल उरला. काकी आणि त्यांच्या दोन्ही मुली तुडुमाजवळून घागरी भरून आणून तिथं ओतत होत्या. तलावातलं पाणी उचलून तलावातच. मी पाळीवर उभी राहून ते बघितलं आणि मला स्वतःची किळस आली. बाबा कोयता घेऊन जाळी कापायला उतरले, तर लोकांनीच त्यांचे हात धरले. करार मोडला तर कोणाचाच माल उचलणार नाहीत, अशी भीती. मग दोन नंबर आटला, मग तीन, मग चार, अगदी लाइनीनं. पंधरापर्यंत गेलं. त्यानंतर बर्फाची गाडी आली.

आठ घरांचा माल निघाला. सगळ्यांत जास्त निघाला तो तेवीस नंबरमधून, आणि सगळ्यांत मोठे झिंगे तिथलेच. काकी पाळीवर येऊन उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, चाळीस वर्सं आमाले वाटत होतं, तुमी पाठ करून उभे राहता. तुमच्या पाठीले डोळे हायेत, हे आता समजलं."

 त्या बोलल्या याचं मला तेवढं लागलं नाही. खोडून काढायला कोणी पुढं झालं नाही, याचं लागलं. मी तरी कुठं झाले? मी सांगू शकले असते की हे मी करायला लावलं. जीभ उचलली नाही.

बाबांनी आपला माल गाडीत चढवू दिला नाही. कंपनीचा माणूस समजावून थकला आणि गाडी घेऊन निघून गेला. बाबांनी पळसाची पानं तोडून आणली, पाळीवर मांडली आणि त्या मोठाल्या झिंग्यांचे तेवीस वाटे लावले. मग वाट्यांकडं पाठ करून उभे राहिले. काठी धरायला कोणी पुढं आलं नाही. ऊन चढेपर्यंत उभे होते. दुपारी वास सुटला तेव्हा मायनं आणि मी ते बांधीच्या कडेला खड्डा करून पुरले. मायनं माती ओढता ओढता एकदाच विचारलं, "तुले मालूम नव्हतं का वो, बाई?" मी माती ओढत राहिले.

पावसाळ्यात कंपनीचा फोन बंद झाला. तो माणूस कुठल्यातरी दुसऱ्या तलावावर वाकून नमस्कार करत असेल, आणि तिथंही त्याचं वागणं चांगलंच असेल. आमच्याकडं बांबू आणि जाळ्या तशाच उभ्या राहिल्या. सोसायटीची सभा लागेना. बीज कोणी सोडायचं, कोणाच्या भागात सोडायचं, यावर पहिल्याच बैठकीत लोक उठून गेले. तलाव परत एक करायला कोणी तयार नव्हतं. खोल भाग आलेल्या आठ घरांना तो सोडवेना, आणि बाकीच्यांना त्यांचं तोंड बघवेना. पाच घरांना कुलपं लागली. ती माणसं नागपूरला गेली.

बाबा पाळीवर जाईनासे झाले. घरात बसायचे ते भिंतीला पाठ लावून. जेवायलाही तसेच बसायचे. मायनं पाट चुलीपाशी मांडला तर उचलून भिंतीला नेऊन लावायचे. मामा वारल्याचं मी सांगायला गेले तेव्हाही तसेच बसले होते. म्हणाले, "चांगला मानूस. पुस्तकं कोनी नेली?" मी म्हटलं, मीच आणली. त्यांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, हे मला माहीत आहे, तरी तो दिवसभर बोचत राहिला.

यंदा वैशाखात सुटीसाठी मी गावी होते. तलावात पाणी फक्त तुडुमाच्या पट्ट्यात उरलं होतं. मागच्या पुरात वरच्या नाल्यानं मरळ आणि दाडक आपले आपण आले होते. त्यांना कोणी बीज म्हणून सोडलं नव्हतं, म्हणून ते कोणाचेच नव्हते. सगळ्यांत आधी काकी तलावात उतरल्या आणि त्यांनी एक नंबरचा बांबू उपटला. कुजलेला होता, सहज निघाला. मग आणखी बाया उतरल्या, मग माणसं. दोन दिवसांत जाळ्या ओढून काठावर ढीग केला. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं. मासळी फार नव्हती. तरी पानं तेवीस मांडली, कुलूप लागलेल्या घरांचीही.  मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. शिकलेल्या बाईला असं फार लवकर वाटतं.

बाबांना बोलवायला दोघं जण घरी आले. बाबा उठले, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि चालू लागले. मी मागोमाग गेले. पाळीवर लोकांनी वाट दिली. बाबा आपल्या जुन्या जागी गेले आणि वाट्यांकडं पाठ करून उभे राहिले. म्हातारबांनी काठी उचलली.

तेव्हा काकी पुढं आल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. समजूत घातल्यासारखं त्या म्हणाल्या, "भाऊजी, वाईट नोका वाटून घेऊ. डोळ्याले फडकं बांधून घेता का? मंग कोनी काही बोलनार नाही."

मी आजूबाजूला बघितलं. एकही माणूस नाही म्हणाला नाही. कोणी खाली बघत होतं, कोणी पानांकडं. मला वाटलं, बाबा आता घरी निघतील. निघावं, असंही वाटलं.

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची लांब घडी घातली आणि मागं न बघता हात मागं करून माझ्यासमोर धरला. मी तिथंच उभी आहे हे त्यांना माहीत होतं. "बांध, बाई," ते म्हणाले. "घट्ट बांध."

मी बांधला. मागून गाठ मारताना त्यांचे पांढरे केस दुपट्ट्यात अडकले, ते मी सोडवले. कोणीतरी विचारलं, "दिसते का जी?" बाबा म्हणाले, "नाही."

काठी पहिल्या वाट्याला लागली. "हा कोनाचा?" बाबांनी काकींच्या घराचं नाव घेतलं. आवाज खालच्या बांध्यांपर्यंत गेला नाही.